वहिनीच्या डब्यातल्या बारा फ्लॉप्या

नव्वदीच्या मध्यातला, दिवाळीनंतरचा तो सोमवार मी विसरलेलो नाही. पाथर्डीच्या एका प्राथमिक शिक्षिकेचा कॉम्प्युटर घरफोडीत गेला होता. किंमत अडतीस हजार. फिर्याद घेताना फौजदार म्हणून मी, हवालदार आणि त्या बाई, एवढेच हजर.

"मशीन जाऊ द्या साहेब," बाई म्हणाल्या. "त्यात माझ्या दोनशे चौदा पोरांची माहिती आहे. आठ दिवसांत टोळ्या ऊसतोडीला निघतील. कोण कितवीत, कुठल्या कारखान्यावर जाणार, सगळं त्यात. त्यावरून दाखल्याच्या चिठ्ठ्या काढते. चिठ्ठी नसली की पोरगं तिकडे शाळेत बसत नाही."

"दुसरी प्रत?"

"टेबलाच्या खणात होती. तीही गेली. फ्लॉप्यांचा एक संच भावाकडे देवळाली प्रवऱ्याला असतो. दर शनिवारी एसटीने पाठवते. तिथे काय अवस्था असेल, देव जाणे."

तिसऱ्या दिवशी खबर आली. एक जीपवाला म्हणाला, "सायेब, वाकळंत बांधून टीव्ही नेला म्हनं नगरला. पन टीव्हीला टाइपरायटरवानी बटनं असत्यात व्हय?"

जीप एका कॉम्प्युटर क्लासपाशी थांबली होती. क्लासचा मालक बाईंकडे दुरुस्तीला जाऊन आलेला. त्याने पावती पुढे केली. "मशीन माझंच हाय. बघा, आत कायबी न्हाई."

हवालदार पावती उलटसुलट करत म्हणाले, "परवाची तारीख, अन् मशीनवर वर्षाची धूळ. लई जुनं घेतलं रं नवं!"

तो हसला, कबूल होईना. जुळणी केलेलं मशीन, त्यावर नंबर नव्हता.

तेवढ्यात बाईंचे भाऊ डबा घेऊन आले. बायकोने फ्लॉप्या डाळीच्या डब्यात, कडुनिंबाचा पाला घालून ठेवल्या होत्या. "ती म्हणते, टिकवायचं ते असंच ठेवतात," भाऊ ओशाळून म्हणाले.

तंत्रनिकेतनच्या सरांना बोलावून दोन पंचांसमोर मशीन चालू केलं. पुसलेल्या एकोणीस फाइलींची यादी पडद्यावर आली. नावांचं पहिलं अक्षर उडालेलं, पण आकार आणि वेळ शाबूत. बाराव्या फ्लॉपीने दगा दिला. तेही पंचनाम्यात लिहिलं. उरलेल्या अकरांवर सतरा फाइली होत्या. पहिलीची नोंद: शनिवार, संध्याकाळचे सहा बेचाळीस, आकार चोवीस हजार चौसष्ट. एकेक आकडा मी स्वतः पडद्यावरच्या यादीशी ताडून पाहिला. सतराच्या सतरा जुळल्या.

मालकाने हात जोडले. "चुकलं सायेब. पुसलं की गेलं, असं वाटलं हुतं."

राहिलेल्या दोन फाइली सरांनी मशीनमधूनच परत उठवल्या. तंत्रनिकेतनच्या प्रिंटरवर दोनशे चौदा चिठ्ठ्या निघाल्या. टोळ्या निघायला दोन दिवस बाकी होते. मशीन पुढे कोर्टाच्या हुकमाने बाईंना मिळालं.

एका घरातल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत, हे मी तेव्हा शिकलो. आज माझे कागद आणि फोटो घरच्या हार्ड डिस्कवर आहेत, एक प्रत क्लाउडवर आहे, आणि दर शनिवारी मी ती उघडून तपासतो.

मशीन परत मिळालं तेव्हा बाईंनी मला पेढे देऊ केले. मी घेतले नाहीत. मग त्यांनी नगरला तीनशे चाळीस रुपये मोजून एक नऊवारी घेतली आणि शनिवारच्या एसटीने, नव्या बारा फ्लॉप्यांसोबत, वहिनीला पाठवली.