उसन्या नेटवरची भेट

गारगोटीच्या एसटी स्टँडवर सगळं घर मला सोडायला आलं होतं. नर्सच्या नोकरीसाठी मी जर्मनीला निघाले होते. आई सारखी डोळे पुसत होती आणि आप्पा भर स्टँडवर तिला मोठ्यानं समजावत होते, "रडतीस कशाला? रोज फोनवर दिसणार हाय की ती!" त्यासाठीच तर दुकानात स्वतः उभं राहून त्यांनी माझ्या फोनवर परदेशातला रोमिंग पॅक टाकून घेतला होता.

जर्मनीत उतरले आणि फोनला नेटवर्कच नाही. विमानतळाचं वायफाय लावायला गेले, तर म्हणे मेसेजवर आलेला कोड टाका. मेसेज येणार कुठून? न्यायला येणाऱ्या बाईंचा नंबर व्हॉट्सॲपवर, हॉस्टेलचा पत्ता मेलमध्ये. घोकून घोकून पाठ केलेलं जर्मन ऐनवेळी आठवेना. तिकडं घरी सगळी फोनकडे बघत बसली असतील, या विचारानं रडूच आलं.

शेजारी डोक्याला रुमाल बांधलेल्या एक आजी बसल्या होत्या. मूळच्या तुर्कस्तानच्या, हे नंतर कळलं. त्यांनी माझा फोन निरखला, स्वतःचा काढला, हॉटस्पॉट सुरू केला आणि पासवर्ड माझ्यासमोर धरला. मेसेज धडाधड येऊ लागले. पाठोपाठ आईचा व्हिडिओ कॉल.

"अगं, कुठं गेलतीस? हितं जीव टांगणीला लागलाय!"

रडत-हसत मी सगळं सांगितलं आणि फोन आजींकडे वळवला. आईनं पदर सारखा केला. "पावणं, लई उपकार झालं बघा. जेवलासा काय? गारगोटीला या, मी भाकरी करून घालतो."

आजींनी छातीवर हात ठेवला आणि तुर्कीत बरंच काही सांगितलं. आई प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" करत होती. एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण दोघी थांबेनात. शेवटी मलाच म्हणावं लागलं, "आई, ठेव की आता, मला न्यायला आलेल्या बाईंना फोन करायचाय!"

गारगोटीतल्या माझ्या माणसांनो, तुम्हाला वाटतं मी घर सोडलं. सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. काय बोलायचं ते ठरवून फोन करायचे. आता सुट्टीच्या दिवशी आई गोठ्यात फोन भिंतीला टेकवून धार काढते, मी इकडं भाजी चिरते. बराच वेळ कुणी बोलत नाही. बादलीत दूध वाजत राहतं. मग मान न वळवताच आई विचारते, "हाईस न्हवं?"

"हाय की," मी म्हणते आणि चिरत राहते.