बुधवारची दिवाळी

माय गेली त्याला आज एक वर्ष झालं, आणि मला रडू येत नाहीये. मला राग येतो आहे.

लोकांचा थोडा. माझा स्वतःचा जास्त.

"घरात दुःख हाये, वर्षभर सण नाई करत." असं सगळे म्हणाले आणि मी मान डोलावली. पोळा नाही, दिवाळी नाही, पाडव्याला गुढी नाही.

आणि हे कुणासाठी? माझ्या मायसाठी!

वर फेसबुकवर टाकलेल्या तिच्या फोटोखाली सकाळपासून कमेंट येताहेत. "बिचारीनं फौजी नवऱ्याची वाट पाहण्यात जन्म काढला."

नाही काढला हो. आठ-नऊ वर्षं काढली असतील. मग तिनं ते काम सोडून दिलं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. बाबा फौजेत, कुठेतरी वर बर्फात. आम्ही चिखलीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. माय, मी आणि धाकटा सुरेश.

मायचा एक नियम होता. बाबा सुट्टीवर येतील तेव्हाच आमची दिवाळी.

खऱ्या दिवाळीला अख्खी गल्ली उजळलेली असायची. आमच्या दारात एकच पणती. फटाके दुसऱ्यांचे, आवाज तेवढा आमचा.

मी रडले की माय म्हणायची, "काऊन रडून राह्यली व तायडे? तुह्या बाबाले सुट्टी भेटली की आपली दिवाळी. दोन महिने फराळ खाजो."

मला तिचा भयंकर राग यायचा. दिवाळी सरल्यावर फराळ खाऊन दाखवायचा कुणाला?

त्या वर्षी बाबांचं पत्र आलं, माघात सुट्टी मंजूर. मायनं रेशनची साखर कधीपासून साठवून ठेवली होती. तिनं करंज्या केल्या, शेव केली, चिवडा केला, सगळं पत्र्याच्या डब्यात भरलं आणि डबा फळीवर ठेवला.

"बाबा मलकापूरले गाडीतून उतरल्याबिगर डब्याले हात लावायचा नाई."

सुरेश पाच वर्षांचा. तो रोज त्या फळीखाली उभा राहून नुसता वास घ्यायचा.

बाबांऐवजी तार आली.

तेव्हा तार म्हटलं की बायका आधी रडत, मग ती वाचून घेत. माय रडली नाही. हात पदराला पुसले, तार घेतली आणि शेजारच्या मास्तरांकडे वाचायला दिली.

"सुट्टी रद्द," मास्तर म्हणाले. "बाकी ठीक आहे. खुशाल आहेत."

शेजारची कोकिळाकाकू म्हणाली, "सुटलो व माय! तेवढंच हाये."

मायनं डबा तरीही उघडला नाही. म्हणे, रद्दची परत मंजूर होते कधीकधी. आम्ही दोघं पोरं आणखी तीन आठवडे त्या डब्याकडे बघत बसलो.

मग एका संध्याकाळी तिनं स्वतःच डबा खाली काढला. एक करंजी मोडली, तोंडात टाकली आणि तशीच थुंकली.

खवट झाली होती. सगळ्याच झाल्या होत्या. शेवेला मुंग्या.

माय मटकन खाली बसली. "मी येडी हावो, येडी," ती स्वतःच्या कपाळावर हात मारत म्हणाली. "लेकरायची दिवाळी डब्यात कोंडून ठेवली म्या."

आता रडेल, असं मला वाटलं. तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "उद्या काय वार हाये व?"

"बुधवार."

"मंग उद्या दिवाळी."

साखर संपली होती, म्हणून सारणात गूळ. पहाटे आम्हाला तेल-उटणं लावून आंघोळ घातली. दारात रांगोळी काढली. कोकिळाकाकू दात घासताघासता बघतच राहिली.

आम्ही शाळेत उशिरा पोहोचलो. बाईंनी कारण विचारलं.

"आमच्याकडे दिवाळी होती," सुरेश म्हणाला, आणि दोघांनाही छड्या बसल्या.

त्यानंतर मायनं कुठलाच आनंद अडवून ठेवला नाही. सुरेशचा दात पडला, शिरा. मला सायकल आली, पुऱ्या. काहीच झालं नाही, तर त्याबद्दल भजी. आणि हे सगळं ती बाबांना पत्रात कळवायची.

बाबा घरी आले तेव्हा जरा फुगूनच होते. "माह्याबिगरच दिवाळ्या करता म्हणे तुम्ही?"

"तुम्ही आले ना, मंग आज अजून एक करू," माय म्हणाली.

तिला काळजी नव्हती असं नाही. पोस्टमन दिसला की हात पदराला पुसायची सवय शेवटपर्यंत गेली नाही, बाबा रिटायर होऊन घरात बसले तरी. पण ती बिचारी नव्हती हो. एवढं तरी लिहिण्याआधी मला विचारायचं.

आणि अशा बाईच्या नावानं मी वर्षभर घर सुनं ठेवलं! तिचाच खवट डबा मी परत भरून फळीवर ठेवला. तिशीही न गाठलेल्या माझ्या मायला जे कळलं होतं, ते मला अडुसष्टाव्या वर्षी कळू नये?

आज वर्षश्राद्ध उरकलं. सुरेश म्हणाला, "ताई, आता वर्ष सरलं. येत्या दिवाळीपासून सण करता येईन आपल्याले."

येत्या दिवाळीला अजून सात महिने आहेत.

मी कढई चढवली. माळ्यावरचा आकाशकंदील काढून झटकला आणि भर चैत्रात दारात लावला.

"आज? ताई, लोक काय म्हणतीन?"

मी गरम करंजी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं एक घास खाल्ला आणि थांबला.

"गूळ?"

"गूळच."

माझा पासष्ट वर्षांचा भाऊ तिथेच पाटावर बसून ओक्साबोक्शी रडला. आणि रडतारडता दुसरी मागितली.

माय, वर्षभर डबा उघडला नाही. चुकले.

आज वार बुधवार नाही, पण तुला चालेल.

येते मी. कढईत अजून एक घाणा आहे.