तिला काम होतं

माझ्या बायकोला हिंदी धड येत नव्हतं, पण शनिवार-रविवारचा तो हिंदी कार्यक्रम तिने कधी चुकवला नाही. एक विनोदी नट तो चालवायचा. दर वेळी कुणी मोठे पाहुणे येऊन सोफ्यावर बसायचे, आपल्या नव्या सिनेमाबद्दल बोलायचे, आणि हा त्यांची, स्वतःच्या बायकोची, समोर बसलेल्या लोकांची टर उडवायचा. आमच्या घरात त्याचं नाव 'येडा' होतं. जेवणं आटपली की बायको ओट्यावरूनच म्हणायची, "लावा तो येडा."

तेवढ्यात शेजारच्या आपा यायच्या. त्यांचा नवरा कूलरचे पत्र्याचे सांगाडे बनवतो. त्यांच्या घरी टीव्ही होता, पण तो मुलांच्या ताब्यात. दोघी आमच्याकडे सतरंजीवर शेजारी बसत. विनोद कळला नाही की आपा समजावून सांगायच्या, पण त्यांनी तोंड उघडायच्या आतच बायको हसून मोकळी झालेली असायची. "अरे भाभी, पहले सुन तो लो," असं आपा म्हणायच्या आणि त्यांनाही हसू फुटायचं. मी मागे खुर्चीत असायचो. मी एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचो. जन्म लोखंडाच्या आवाजात गेल्यामुळे कान निम्मे गेलेले. टीव्हीवर काय बोलतात ते मला अर्धंच कळायचं. त्या दोघी हसल्या की काहीतरी चांगलं झालं, एवढं समजायचं.

आमचा मुलगा नवी मुंबईत एका मालवाहतुकीच्या ऑफिसात आहे. त्याचा फोन आला की बायको शेवटी एकदा विचारायचीच, "तुह्या वळखीचं कुनी न्हाई का रे तिथं? एकदा मला त्या येड्याच्या समोर बसवून आन. सोफ्यावर न्हाई म्हनत मी. मागं बसते."

"बघतो आई," तो म्हणायचा. तो खरंच बघत होता. पास मिळणं सोपं नसतं, असं त्याने मला नंतर सांगितलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी ती न्हाणीत पडली. जालन्याच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला न्यायला सांगितलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ती शुद्धीवर आलीच नाही.

मला रडू आलं नाही. माणसं येत होती, बसत होती, माझ्या पाठीवर हात ठेवत होती. "धक्का बसलाय त्याला," कुणीतरी म्हणालं. मला धक्का बसल्यासारखंही वाटत नव्हतं. दाढ काढण्याआधी सुई मारल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं होतं. चहा दिला की मी पीत होतो. कपडे दिले की घालत होतो. आपा दहाव्यापर्यंत रोज येऊन बायकांमध्ये बसल्या, आणि नंतर त्यांनी येणं बंद केलं. टीव्ही बंदच होता. कुणी तो बंद ठेवा म्हणालं नव्हतं, पण कुणी लावलाही नाही.

मग मुलगा मला त्याच्याकडे घेऊन गेला. तिथे सून कामाला जायची, तोही जायचा. मी गॅलरीत बसून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे बघायचो. पावसाळा संपत आला असेल. एका संध्याकाळी तो बूट काढता काढता म्हणाला, "अण्णा, त्या कार्यक्रमाचे पास मिळालेत. ऑफिसातल्या एकाच्या वळखीनं. दोन हायेत."

दोन का, कुणासाठी मागितले होते, हे दोघांनीही काढलं नाही.

"जाऊ की," मी म्हणालो. जावं असं वाटत नव्हतं आणि जाऊ नये असंही वाटत नव्हतं.

त्या ठिकाणी दुपारपासून रांग होती. फोन काढून घेतले. आत इतकं गार होतं की माझे गुडघे दुखायला लागले. टीव्हीवर तो दिवाणखाना केवढा मोठा दिसतो, प्रत्यक्षात आमच्या मिलच्या ऑफिसएवढा होता. भिंती प्लायवूडच्या, मागून टेकू लावलेल्या. कानाला बोलायचं यंत्र लावलेली तिथली एक मुलगी लोकांना उठवून इकडून तिकडे बसवत होती. लाल-पिवळे कपडे पुढे, पांढरे-काळे मागे. मुलगा राखाडी शर्टात होता. आईच्या दहाव्याला काढलेले त्याचे केस आता बोटभर वाढलेले, त्यालाही ती मागे पाठवत होती. माझी टोपी बघून थांबली. "टोपीवाले अंकल आगे," ती म्हणाली. मी पुढे बसलो, मुलगा हट्ट करून माझ्या शेजारी बसला.

आधी आम्हाला नुसतंच हसायला लावलं. समोर कुणी नव्हतं. "जोर से हँसिए, तालियाँ," असं ती मुलगी सांगायची आणि कॅमेरा आमच्यावरून फिरायचा. मी हसलो. हसणं तोंडाने करायचं काम आहे, ते जमतं.

त्या दिवशीचा पाहुणा म्हणजे आमच्या लग्नाच्या वेळचा हिरो. आमच्या पिढीतल्या बायकांचा तो फार लाडका. माझ्या बायकोकडे त्याचा फोटो होता म्हणे, माहेरी, पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. आता तो कुठल्यातरी सिनेमात आजोबा झाला होता. सोबत त्या सिनेमातली एक तरुण नटी होती. चित्रण सुरू असलं की तो गालाला खळी पाडून हसायचा. दिवे जरा कमी झाले, कुणी पावडर लावायला आलं, की त्याचा चेहरा एकदम उतरायचा. तो खाली जमिनीकडे बघत बसायचा. कुणीतरी पाण्याचा ग्लास दिला की पिऊन परत द्यायचा. मी त्याच्याकडेच बघत होतो. येडा कधी काय बोलला ते माझ्या लक्षात नाही.

म्हणून तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा मला कळलंच नाही. मुलाने कोपराने ढोसलं. येडा टीव्हीत दिसतो त्याहून ठेंगणा होता, आणि घामाने भिजला होता.

"चाचा, कहाँ से आए हैं?"

"जालना."

"जालना! वाह. और चाचीजी? नहीं आईं?"

माझ्या हातात कुणीतरी माईक दिला होता. मी म्हणालो, "नाही आली. उनको काम था."

तिथून त्याने धरलंच. "काम था, कि आप काम देके आए?" लोक हसले. "सच बोलिए चाचा, इतने सुकून से तो हमारे यहाँ कोई कुँवारा भी नहीं बैठता!" परत हसले. ती तरुण नटी टाळ्या वाजवत होती. येड्याने माझ्या चेहऱ्याकडे बोट करून शांती म्हणजे काय ते सगळ्यांना समजावून सांगितलं. मी बसून होतो. माझ्या तोंडावर हसू होतं, कारण मघापासून ते तिथेच होतं. शेजारी मुलगा हसत नव्हता, पण कॅमेरा त्याच्यावर नव्हता.

मग तो हिरो सोफ्यावरून जरा पुढे वाकला. त्याने हात जोडले. "भाईसाहब, घर जाके भाभीजी को मेरा नमस्ते ज़रूर कहिएगा."

"हाँ," मी म्हणालो. "कहूँगा."

परतताना मी गाडीत पुढे मुलाच्या शेजारी बसलो. मग तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही काम व्हतं म्हनले."

"हां."

"बरं केलं. काय सांगनार व्हते तुम्ही तिथं."

असं म्हणाला आणि गाडी चालवता चालवता एकदम रडायला लागला. एवढा मोठा माणूस, खांदे हलत होते. मी म्हणालो, "गाडी बाजूला घे." त्याने घेतली. मागून हॉर्न वाजवत गाड्या जात होत्या. मी काचेतून बाहेर एक टायर पंक्चरवाला बघत होतो. मुलाच्या पाठीवर हात ठेवावा हे मला सुचलं, पण हात मांडीवरून उचलला नाही. थोड्या वेळाने त्याने नाक पुसलं आणि गाडी चालू केली.

मी जालन्याला परत आलो. तो भाग दाखवायला वेळ लागला. एका शनिवारी मुलाचा फोन आला, "आज हाय अण्णा. बघा, न्हाईतर नका बघू."

मी टीव्ही लावला. ती गेल्यापासून पहिल्यांदा. टीव्हीवर माझी टोपी फार मोठी दिसत होती आणि तिच्याखाली एक माणूस गालातल्या गालात हसत होता. प्रत्येक वाक्यानंतर ढोलाचा आवाज घातला होता. आपण असे दिसतो का, एवढंच माझ्या मनात आलं. हिरोचा नमस्कार त्यांनी ठेवला होता.

कार्यक्रम संपायच्या आत फोन सुरू झाले. मिलमधला जुना सोबती म्हणाला, "चमकला की राव!" आणि मग त्याला काहीतरी आठवलं असावं, कारण त्याने लगेच तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला. भोकरदनहून मेहुण्याचा आला. हा तिचा धाकटा भाऊ, तिने कडेवर वाढवलेला.

"दाजी, पाह्यलं तुम्हाला."

"हां."

"ताईला काम व्हतं म्हनले तुम्ही."

"म्हनलो."

"असं का म्हनले?"

"त्यानं इचारलं."

मागे त्यांच्या टीव्हीचा आवाज येत होता. "जेवले का?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपा आल्या. दहाव्यानंतर पहिल्यांदा. दारातच उभ्या राहिल्या, ओढणी डोक्यावरून घट्ट ओढलेली, चेहरा रागाने लाल. मला वाटलं, बायको मेलेली असून खोटं बोललो, लोकांना हसवलं, म्हणून बोलतील. गल्लीत तसं बोलणं चालू होतंच.

"भाई, तुम झूट कायकू बोले?"

"आपा, तिथं काय सांगनार. कार्यक्रम हसन्याचा."

"हसने का हय तो क्या हुआ? बोलना था, हमारी घरवाली गुजर गई. बोलना था, उनो हर हफ्ते तुमकूच देखती थी. इत्ता बड़ा मौका था, भाई. सारी दुनिया सुनती, हमारी भाभी थी करके."

"ते कापलं असतं त्यांनी, आपा. दाखवलं नसतं."

"काट देते तो काट देते! उनो हीरो तो सुनता. वो सामने बैठा था. उसके कान में तो जाता."

मी दाराला धरून उभा होतो. त्या थोड्या शांत झाल्या आणि आत आल्या. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं आणि उभ्याच राहिल्या.

"और वो नमस्ते बोला, वो पहुँचाए क्या तुम?"

"काय?"

"हाँ बोले ना तुम उसकू. कहूँगा बोले. मैं सुनी."

मी नाही म्हणालो.

भिंतीवर बायकोचा फोटो आहे. मुलाने मोठा करून आणलेला, भाच्याच्या लग्नातला, त्यात ती कॅमेऱ्याच्या बाजूला कुठेतरी बघते आहे. आपा फोटोपुढे गेल्या. मला वाटलं काहीतरी प्रार्थना म्हणतील. त्या कमरेवर हात ठेवून, रोज मधल्या भिंतीवरून हाक मारायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "भाभी, सुनो. तुमारा वो हीरो नमस्ते बोला तुमकू. टीव्ही पे. हात जोडके बोला. ये बताए नय, मैं बतारी."

मग ओढणी तोंडाला लावून त्या दाराकडे गेल्या. "शाम को सालन-रोटी भेजती," म्हणाल्या आणि गेल्या.

मी तिथेच थांबलो. आता आत काहीतरी हलेल असं मला वाटलं. मी वाटही बघितली. पंखा फिरत होता, बाहेर आपांचा नवरा पत्र्यावर हातोडी मारत होता. काही झालं नाही. मग मी सतरंजी उन्हात टाकली, तिला कुबट वास यायला लागला होता.

त्यानंतर लोक मला ओळखायला लागले. किराणा दुकानात, दवाखान्यात. माहीत असणारे विषय टाळत. माहीत नसणारे हसून विचारत, "काय, आजबी काकूला काम का?" आणि मी हो म्हणून पुढे जायचो. ते सोपं होतं.

वर्षश्राद्ध तिच्या भावाने भोकरदनला त्याच्या घरी करायचं ठरवलं होतं, मुलगा परस्पर तिकडेच येणार होता. आदल्या दिवशी मी जालन्याहून बसने निघालो. बसायला जागा नव्हती, दांडा धरून उभा होतो. पुढच्या सीटवरच्या माणसाने दोनदा वळून बघितलं. त्याची बायको शेजारी, मध्ये त्यांची पिशवी.

"तुम्ही ते टीव्हीवाले काका ना? जालनेवाले?"

"हां."

"आरं बाप रे," तो बायकोला म्हणाला, "हेच ते, म्या दाखवलं न्हाई का मोबाइलवर?" मग मोठ्याने, आजूबाजूला ऐकू जाईल असं, "काय काका, आज पुन्हा एकटेच? काकूंला काम लावून आले का?"

दोघं-तिघं हसले. मी हो म्हणणार होतो. तोंडही तसंच उघडलं होतं.

"वारली ती," मी म्हणालो. "मी तिथं गेल्तो, तवाच वारलेली व्हती."

त्या माणसाचा चेहरा पडला. तो खिडकीकडे वळला. गाडीत बाकी सगळे बोलतच होते, कंडक्टर पुढे तिकिटं फाडत होता. त्याच्या बायकोने मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि नवऱ्याकडे सरकली.

"बसा काका."

मी बसलो. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "काय झाल्तं?"

मी सांगायला लागलो. न्हाणीपासून सुरू केलं. संभाजीनगरचा दवाखाना, तिथल्या बाकावर मी कसा बसलो होतो, मुलगा पहाटे कसा पोहोचला. मध्येच मागे जाऊन शनिवारचं सांगितलं, आपांचं सांगितलं, पेटीतल्या फोटोचं सांगितलं. माझा आवाज कसा येतो ते मला नीट कळत नाही, कदाचित मी ओरडत असेन. त्या बाईने एकदाही थांबवलं नाही. मध्ये मध्ये फक्त 'हां' म्हणत होती.

राजूरला ती दोघं उतरली. त्याने पिशवी घेतली, माझ्याकडे न बघता मान खाली घालून गेला. तिने खाली उतरल्यावर खिडकीशी येऊन विचारलं, "भोकरदनला घ्यायला येनार हाय का कुनी?"

"मेहुना येतो," मी म्हणालो.

गाडी निघाली. त्या दोघांची जागा रिकामीच राहिली. मी खिडकीकडे सरकलो.