म्हाताऱ्या उंदरांची पंगत

संपादक मंडळींनो, लेख फार उशिरा पाठवतो आहे, माफ करा. मी सातवी शिकलेला. डॉ. कुमुदिनी गावंडे मॅडमच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात प्राध्यापकांच्या शेजारी आपण काय लिहावे, या धास्तीने चार वेळा लिहून फाडले.

मॅडमची पहिली भेट अमरावतीच्या कॉलेजात, प्रयोगाच्या उंदरांच्या खोलीत झाली. उंदरांचे दाणापाणी माझ्याकडे होते. मॅडम रोज अकोल्याहून रेल्वेने बडनेऱ्याला उतरून येत. आल्याबरोबर विचारत, "नारायणभाऊ, जेवले का?" मग उंदरांची चौकशी.

म्हातारपणी यकृतात चरबी साचते. जवसाचे तेल आणि हळदीचा अर्क जेवणाला जोडून दिला तर यकृत सांभाळले जाते का, हे मॅडमना पाहायचे होते. म्हणून अर्ध्या म्हाताऱ्या उंदरांना तो पूरक आहार आणि अर्ध्यांना नुसता दाणा. मला ते पाहवेना. मी गुपचूप सगळ्यांनाच वाढू लागलो.

चार महिन्यांनी तपासणीत सगळे सारखेच निघाले. मॅडम दिवसभर वह्या चाळत बसल्या. त्यांचे कष्ट माझ्यामुळे मातीत गेले, आता नोकरीही जाणार, हे मला दिसत होते. तरी सांगितले.

"मॅडम, म्या सगळ्याईले देल्लं. पंक्तिभेद करणं मले जमलं नाही."

मॅडमनी हातातली वही मिटली. मग चष्मा काढून इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "अहो बाप्पा, पंक्तिभेद हाच तं आपला प्रयोग आहे!"

त्यांनी सारे पहिल्यापासून मांडले आणि दाणा पुन्हा माझ्याच हाती दिला. पहिला प्रयोग का सोडला, ते शोधनिबंधात खरे खरे लिहिले. माझे नाव तेवढे घातले नाही.

दुसऱ्या खेपेला फरक दिसला. मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. नुसता दाणा खाणाऱ्यांच्या यकृतात चरबीचे थेंबच थेंब, दुसऱ्यांत तुरळक. मी खुशीत म्हणालो, "मंग आता मीबी सुरू करतो."

"उंदराले मानवलं म्हणून माणसाले मानवंलच असं नाही. तुमच्या खिशात काय आहे, काढा!"

खिशातून मी मनानेच आणलेली लिव्हरच्या टॉनिकची बाटली डोकावत होती. मॅडमनी ती ठेवून घेतली आणि मला स्वतः दवाखान्यात नेले. माझे यकृत ठीक निघाले, तर पेढे त्यांनीच वाटले.

मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि त्यांचे हसणे असेच मोकळे राहो. घोर एकच आहे. माझी ती चूक मी आज प्रथमच नावानिशी लिहितो आहे. त्याने मॅडमच्या कामावर कोणी बोट ठेवणार असेल तर तेवढे गाळा. नसेल तर माझे नाव ठळक छापा. काय ठरते ते कृपा करून लवकर कळवा.

— नारायण, वलगाव