मूठभर तिरफळं

गुणाजी राऊळ लोअर परळच्या एका बिअर कारखान्यात स्टोअरकीपर होता. माल्टच्या गोण्या मोजून घ्यायच्या, हॉप्सची पाकिटं थंडीत ठेवायची, उंदरांना लांब ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पूर्वी त्याच जागेत गिरणी होती आणि गुणाजीचा बाप तिथे साचे चालवायचा. आता साच्यांच्या जागी स्टीलच्या टाक्या चकाकत होत्या. गुणाजीला त्याचं फारसं काही वाटत नसे. पन्नाशीच्या माणसाला घराजवळ नोकरी मिळाली की तो बाकीचं मनावर घेत नाही.

त्या वर्षी कारखान्याने तिरफळ, म्हणजे कोकणात माशांच्या कालवणात घालतात ते उग्र वासाचं फळ, घातलेली गव्हाची बिअर काढली. तिरफळंही गुणाजीनेच गावाहून मागवून दिली होती. बिअर झकास जमली, पण नाव काही जमेना. म्हणून कारखान्याच्या मालकीण मीनाक्षी मॅडम यांनी एका दुपारी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. नाव सुचलं की ते कागदी ग्लासावर लिहायचं, आणि प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या ग्लासात एक तिरफळ टाकायचं. ज्याचं नाव लागेल त्याची गोष्ट कॅनवर छापणार.

मग काय, सगळ्यांना एकदम गिरणगावाचा उमाळा आला. कोणी म्हणे 'भोंगा', कोणी 'तिसरी पाळी', कोणी 'ताणाबाणा'. भोंगा ज्यांनी जन्मात ऐकला नाही आणि पाळी म्हणजे काय हे ज्यांना नेटवर शोधावं लागलं, अशी ही मंडळी! गुणाजीला हसूही आलं आणि चीडही. आणि त्या चिडीच्या भरात तो बोलून गेला, "मूठभर."

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"संपाच्या वेळी आमच्या चाळीत एक बाई चोरून दारू विकायची. वास लपवायला गॅलरीत सुपात तिरफळं वाळत ठेवायची. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, वयनी, मूठभर तिरफळां दी. मूठभर म्हणजे एक ग्लास. दोन मुठी म्हणजे दोन."

टेबलावर एकच गलका झाला. सगळी तिरफळं त्याच्या ग्लासात पडली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी गुणाजीसाठी टाळ्या वाजवल्या, आणि त्या ऐकताना तो खुळ्यासारखा फुलून गेला.

"नाव काय हो त्या बाईंचं?" मॅडम वही उघडून बसल्या होत्या.

 गुणाजीच्या तोंडून नाव सरळ बाहेर आलं, जसं चौतीस वर्षांपूर्वी त्याचं बोट सरळ उठलं होतं.

"पुतळाबाई. पुतळाबाई म्हणून होत्या एक."

होत्या! पुतळाबाई डिलाईल रोडच्या त्याच चाळीत, गुणाजीच्या खोलीला लागून अजून राहत होती. वय पंच्याऐंशी. तिच्या दारावरून जाताना गुणाजी नेहमी मोबाईलमध्ये बघत जायचा.

दारू विकणारी बाई पुतळाबाई नव्हती. ती गुणाजीची आई होती, शांती. संप लांबला तसा बाप गावी शेती बघायला निघून गेला. मागे शांती, दहावीतला गुणाजी आणि कडेवरची धाकटी. ती वडाळ्याच्या मिठागराकडून दारू भरलेली रबरी ट्यूब कमरेला गुंडाळून आणायची आणि गॅलरीतल्या पिंपात दडवायची. हातांना येणारा वास जावा म्हणून तिरफळं चोळायची. गुणाजीला जेवताना त्या हातांची किळस यायची. आईने वाढलेला भात तो मान वर न करता गिळायचा.

पोलीस येऊन जायचे, पण ते घाटावरचे. मूठभर तिरफळांत त्यांना काही वावगं दिसलं नाही. मग एक नवा हवालदार आला, कणकवलीकडचा. एका दुपारी तो साध्या कपड्यात जिन्यावर उभा असताना गिऱ्हाईकाने खालूनच 'वयनी, मूठभर' अशी हाक दिली आणि तो जागेवरच हसला.

"काय गो बायांनो, बांगड्याच्या तिखल्याक पाच-सहा तिरफळां पुरे होतत. मूठभर घालून कोणाक मारूचो विचार हा?"

पिंपातली ट्यूब बाहेर निघाली. सगळी गॅलरी गोळा झाली. पिंप होतं शांतीच्या आणि पुतळाबाईच्या दारांच्या मधोमध. पुतळाबाई निपुत्रिक विधवा, खानावळ चालवणारी. गुणाजी नुकताच शाळेतून आला होता, दप्तर खांद्यालाच होतं. शेजारच्या वर्गातली दोन मुलंही जिन्यात उभी होती.

"तू सांग रे शाळकरी," हवालदार म्हणाला, "कोणाचा हा ह्या?"

गुणाजीने बोट उचललं आणि पुतळाबाईच्या दाराकडे दाखवलं.

 आईने धाकटीला घट्ट धरलं. पुतळाबाईने एकदा गुणाजीकडे पाहिलं, पिठाचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, "माझा हा." दोन दिवस ती लॉकअपमध्ये होती. परत आली तेव्हा संपातही टिकून राहिलेले चार खाणारे दुसऱ्या खानावळीत गेले होते. त्यानंतर शांती मरेपर्यंत दर शुक्रवारी तिच्याकडे तिखल्याची वाटी पाठवायची. शांती गेल्यावर गुणाजीने ती वाटीही बंद केली.

पंधरा दिवसांनी मॅडमनी कॅनच्या कागदाचा नमुना त्याच्या हातात ठेवला. नऊवारीतली एक ठसठशीत बाई, वळलेली मूठ, आणि खाली ठळक अक्षरांत 'पुतळाबाईंची मूठभर'. "उद्या छपाईला जातोय. त्यांच्या घरचं कुणी असेल तर पहिला कॅन त्यांना देऊ," मॅडम म्हणाल्या. गुणाजी कुणी नाही म्हणून सांगणार होता, पण नुसतं 'बघतो' म्हणाला. संध्याकाळी तो कागद खिशात घालून घरी निघाला. जिना चढताना त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती की कठड्याला धरून दोनदा थांबला.

पुतळाबाई दारात खुर्ची टाकून बसली होती. त्याने तिच्या पायाशी बसून सगळं वाचून दाखवलं. चित्रही दाखवलं. तिने कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"मामी, चुकलो मी," तो म्हणाला. "तेव्हा आईला वाचवलंत तुम्ही, आणि मी..."

"तुझ्या आवशीक कोण वाचवता?" पुतळाबाईने त्याला मध्येच तोडलं. "ती कबूलच करतली होती, तोंड उघडलेला तिना. पण तू बोट दाखयलंस. सगळ्या चाळीसमोर सोळा वर्सांचो झील खोटो पडलो असतो. म्हणान लॉकअपात गेलंय मी. तुझ्यासाठी." तिने कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली. "आता पन्नाशी झाली तुझी. आता परत जाऊ काय?"

गुणाजीला रडू आवरेना. ती काही समजूत घालत बसली नाही. थोड्या वेळाने त्याने मोबाईल काढला आणि तिथेच, गॅलरीत बसून मॅडमना फोन लावला. संध्याकाळची वेळ, दारं उघडी होती, लोक येत-जात होते.

"मॅडम, छपाई थांबवा," तो पुटपुटला. "बाईचं नाव चुकीचं सांगितलं मी. पुतळाबाई जिवंत आहेत, आणि त्यांनी कधी दारू विकली नाही. ती माझी आई होती."

पुतळाबाईने कानामागे हात धरला.

"मोठ्यान सांग रे," ती म्हणाली. "माका आता कमी ऐकाक येता."