मागच्या नळाचं पाणी

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी प्रेमिला भोयर नागपूरजवळच्या एका तलावावर, पर्यटकांच्या बोटीत, चहाचे पेले विसळत होती. मागच्या नळाच्या पाण्याला शेवाळाचा वास आला. प्रवासी याच नळाचं पाणी पितात. या नळाची छतावरची टाकी तिने कालच ब्लीचिंग पावडरने धुऊन वास जाईपर्यंत खंगाळली होती.

वर जाऊन पाहिलं, तर डेक धुवायचा पाइप टाकीत खुपसलेला. या पाइपाचं तोंड रात्रभर तलावात लोळत असतं.

"रोहित, हा पाइप काहून लावला गा?"

"पाणी तं काठावरच्या नळाचंच आहे काकू," बोटचालक हसला. "अन् तुमी चहा उकळताच ना!"

"नळाले तोंड लावणारं पोरगं उकळून पिते काय बे?"

तिने टाकीची खालची तोटी सोडली. पाणी वाहताना पाहून व्यवस्थापक विक्रम देशकर धावत आले. "अहो बाई, दहाला फेरी आहे! बिनपाण्याची बोट सोडायची का?"

"सोडा. मले घरी पाठवाचं असन तं पाठवा. हे पाणी मी कोणाले पाजणार नाही."

त्यांनी तिला घरी पाठवलं नाही. चहा करायला दुसरं कोणी नव्हतं. बाहेरून पाण्याचे जार आले. रोहितला कुणी एक शब्द विचारला नाही. चहाला उशीर झाला म्हणून बोलणी मात्र प्रेमिलाने खाल्ली.

उद्या सोमवार, बोट बंद. प्रेमिलाची ती आठवड्याची एकुलती सुट्टी. टाकी घासायला ती सकाळी सात वाजता येणार आहे.