धुक्यातली होडी आणि झाकणाचा पोचा

अण्णांनी बेचाळीस वर्षं बंदरावरच्या शेडमध्ये फाटकी जाळी दुरुस्त केली. तरुणपणी तीन वर्षं तेवढी होडीवर काढली, आणि त्या तीन वर्षांच्या गोष्टी जन्मभर पुरवून पुरवून सांगितल्या. उरलेलं काम घरी यायचं. खिडकीच्या गजाला जाळ्याचं एक टोक बांधून अण्णा जमिनीवर बसायचे. लाकडी सुईनं गाठ मारायची, ओढायची, की गोष्ट एक वाक्य पुढे. दोघी मुली शेजारी ठाण मांडून.

त्यातली धाकटी चित्रकार झाली आणि तिनं अण्णांच्या गोष्टींची चित्रकादंबरी करायला घेतली. एकशे बारा पानं झाली, शेवटची चार कोरी राहिली. धुक्यातल्या होडीची गोष्ट तिनं कधी पुरी ऐकलीच नव्हती. होडी भरकटते, किनारा कुठे ते कळत नाही, अण्णा कान टवकारतात... आणि नेमकी तेव्हाच आई आतून पातेल्याच्या झाकणावर डाव आपटायची. "ताटं घ्या गं!" अण्णा सुई खाली ठेवून म्हणायचे, "चला, पोचलो." गोष्ट तिथंच राहायची.

आता आई जाऊन सहा वर्षं झाली होती. अण्णांची नजर अधू झाली, सुई सुटली आणि सुईबरोबर बोलणंही. छापखान्याला तर पानं महिनाअखेर हवी होती.

"अण्णा, धुक्यात पुढे काय झालं?"

"कुठलं धुकं? मला काल काय जेवलो ते आठवत नाही, बये."

तिनं चहा करून पाहिला, रेकॉर्डर लावून पाहिला. अण्णा मांडीवर हात ठेवून गप्प. त्या रिकाम्या हातांकडे बघता बघता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं माळ्यावरचं जुनं जाळं काढलं. ते नेमकं धडधाकट निघालं, म्हणून मन घट्ट करून कात्री चालवली.

अण्णांनी भोकाच्या कडेनं बोटं फिरवली. "हे कुणी फाडलं?"

"असेल एखादा मोठा मासा."

"मासे कात्री कधीपासून वापरायला लागले?" ते खुदकन हसले. "आण माझी सुई. दोरा तेवढा तू भर."

दहाएक गाठी मुकाट्यानं झाल्या. मग अण्णा म्हणाले, "धुकं असं, की नाकासमोरचा हात दिसेना. कान टवकारले. तर लांबून टण टण टण! त्या रोखानं वल्ही मारली. धक्क्यावर एक पोरगी उभी, हातात पातेल्याचं झाकण. सकाळपासून बडवत होती."

"आई?"

"मग कोण? तेव्हा लग्नही नव्हतं झालं आमचं."

"एवढं कधी सांगितलं नाहीत ते!"

"मी कशाला सांगू? शेवट रोज तीच वाजवायची की आतून. मी म्हणायचोही, पोचलो. तुम्हाला आपली जेवायची घाई."

धाकटीनं कोरं पान पुढे ओढलं. मग तिनं पेन्सिल उचलली.

"झाकणाला पोचा काढ," अण्णा गाठ ओढत म्हणाले. "पण काठापाशी. मधोमध मारलं की आवाज बसतो, ते तिला बरोबर ठाऊक होतं."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. आईचं ते झाकण ती रोज दुधावर ठेवत होती. पोचा काठापाशीच होता.